दोन वाजून सात मिनिटांची नोंद

प्रिय खारू,

हे पत्र वहिनीच्या हाती पाठवतोय. ती म्हणेल, बसत नाही, लगेच निघायचंय; पण बसेल. तू शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिथून हलायचं नाही असं मी तिला बजावलंय. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी वाचायची तुझी जुनी खोड, आणि त्यावरून आपली किती भांडणं झाली असतील त्याला गणती नाही. या वेळी तू शेवट आधी वाचलास तरी माझी हरकत नाही. फक्त मग परत वर ये. मी नेमका किती वाईट वागलो, ते मधल्या मजकुरावरूनच कळेल.

काल तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तू म्हणालीस, "ठरलंय ना दादा, आता तो विषय नको." आणि तिन्ही वेळा मी बरं म्हणून फोन ठेवला. फोनवर माझं असंच होतं. समोरच्याने जाऊ दे म्हटलं की मी जाऊ देतो, वर मनातल्या मनात सुटकेचा श्वासही टाकतो. कागद मध्येच जाऊ दे म्हणत नाही, म्हणून कागद. दुपारचे दोन वाजलेत. सकाळपासून ही तिसरी सुरुवात आहे. पहिल्या दोन्हींमध्ये मी आईच्या गुडघ्याची चौकशी करत बसलो होतो.

तुला आठवतं, गेल्या वर्षी एका रविवारी जेवताना तू वैतागून म्हणालीस की सकाळी सात वाजता ड्यूटी बदलते तेव्हा वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर कार्ड दाखवून आत शिरायला पाऊण मिनिट लागतं, कधी दीड? तुझ्यामागे सहा जणी उभ्या, पलंगावरचा माणूस सलाइन संपलं म्हणून हाका मारतोय, आणि तू त्या फिरत्या चक्राकडे बघत उभी. मग म्हणालीस, "हे चक्र ज्याने बनवलं त्याला एकदा आमच्या वॉर्डात भरती करा." सगळे हसले. मी नाही हसलो, कारण तो माणूस मीच होतो. म्हणजे चक्र माझं नव्हतं, पण त्याच्या मागे जो सर्व्हर धापा टाकत होता तो माझा होता. मी नक्की काय करतो हे तुला कधीच कळलं नाही, आणि "तुझी ती नावांची वही" असं तू म्हणायचीस ते काही चुकीचं नव्हतं. आपल्या हॉस्पिटलची आणि त्याच्याशी जोडलेल्या सगळ्या दवाखान्यांची एकच मोठी डिरेक्टरी आहे. प्रत्येक डॉक्टर, नर्स, विद्यार्थी, प्रत्येक वॉर्ड, औषधाचं प्रत्येक कुलूपबंद कपाट, अशा जवळजवळ तीन लाख नोंदी. तू कुठेही कार्ड दाखवलंस की ते यंत्र माझ्या सर्व्हरला विचारतं, ही कोण, हिला आत सोडू का. उत्तर यायला उशीर झाला की चक्र फिरतं.

दुसऱ्याच दिवशी मी सातच्या आधी तुझ्या वॉर्डात येऊन कोपऱ्यात उभा राहिलो होतो, घड्याळ लावून. तुमच्या त्या जाड आवाजाच्या इन्चार्ज बाई मला म्हणाल्या, "लॉगिन होईपर्यंत आमचा पेशंट बरा होऊन घरी जातो हो, त्यात तुमचंच नाव." मी नऊ जणींची वेळ लिहून घेतली. सगळ्यात कमी अडतीस सेकंद. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, थेट कामाला लागलीस. पण जाताना हळूच माझ्या खिशात एक गोळी टाकलीस, लहान मुलांना इंजेक्शननंतर देता ती, लिंबाच्या चवीची. खारू, त्या गोळीसाठी मी पुढचे तीन महिने गाढवासारखा राबलो. साहेबांसाठी नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवतो.

पहिली चूक सापडायला दोन दिवस लागले, आणि सापडली तेव्हा लाज वाटली. नावावरून, कर्मचारी क्रमांकावरून शोधायची सूची होती, पण कार्डाच्या नंबरावरून शोधायची सूची कुणी केलीच नव्हती. म्हणजे तू कार्ड दाखवलंस की सर्व्हर पहिल्या नोंदीपासून तीन लाखांपर्यंत एकेक पान उलटत जायचा. ती सूची बांधली आणि अडतीसचे एकवीस झाले. मग कॅश. सर्व्हरने हाताशी किती माल ठेवायचा हे ठरवणारा आकडा कुणीतरी फार पूर्वी, दवाखाने चार असताना टाकला होता, आणि तो तसाच राहिला होता. टीचभर ओट्यावर लग्नाचा स्वयंपाक. प्रत्येक वस्तू कोठीतून आणायची, वापरायची, परत कोठीत. मी उत्साहाच्या भरात आकडा इतका वाढवला की त्या मशीनलाच श्वास घ्यायला जागा उरली नाही, आणि त्या सकाळी लॉगिनला अडीच मिनिटं लागली. तुझा फोन आला, "दाद्या, आज काय केलंस?" मी दुपारपर्यंत आकडा खाली आणला, मशीनपुरतं सोडून बाकीचं डिरेक्टरीला दिलं, आणि एकवीसचे अकरा झाले. मग बदलांची रोजची नोंद वेगळ्या डिस्कवर नेली. आठ झाले.

आठाच्या खाली काही केल्या उतरेना. मला पाचाच्या आत हवे होते. का, तर तू म्हणाली होतीस की पाच सेकंद म्हणजे हातमोजे घालायला लागतात तेवढा वेळ. हातमोजे घालेपर्यंत आत शिरता आलं तर कुणाला कळणारही नाही की थांबावं लागलं.

अडलं होतं ते वाचण्यात नाही, लिहिण्यात. प्रत्येक लॉगिनबरोबर सर्व्हर एक ओळ लिहायचा, अमुक व्यक्ती अमुक वेळेला आली. ड्यूटी बदलताना एकदम हजारो ओळी. आणि प्रत्येक ओळ डिस्कवर खरोखर उमटली याची खात्री होईपर्यंत तो पुढच्याला हात लावत नसे. शिस्तीचा होता बिचारा. त्या शिस्तीला एक बटण असतं, खारू. ते बंद केलं की सर्व्हर ओळ नुसती डोक्यात ठेवतो, "लिहिलं" असं सांगून मोकळा होतो, आणि मिनिट-दोन मिनिटांनी सगळं एकदम डिस्कवर उतरवतो. मी ते बंद केलं. कुणी काय बदललं त्याची जी वेगळी यादी असते, तीही तशीच साठवून लिहायला लावली. आठाचे चार झाले.

आमच्या ऑफिसात बॅकअप बघणारी जी आहे, तिला सगळे चष्मेवाली म्हणतात, तिने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि विचारलं, "आणि मधल्या दोन मिनिटांत मशीन बसलं तर?" मी म्हणालो, दोन-दोन वीजजोडण्या आहेत, बॅटरी आहे, कशाला बसतंय. ती म्हणाली, मग निदान रजिस्टरमध्ये नीट लिहून ठेव. मी लिहिलं, "वेग वाढवण्यासाठी सुधारणा." एवढंच. कोणतं बटण, त्याचा धोका काय, एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रजेवर गेली, आल्यावर पुन्हा विचारेल म्हणून मी तो विषयच टाळला, आणि तिनेही नाद सोडला.

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता हे कबूल करतो. तुझ्या मैत्रिणी मला जिन्यात थांबवून धन्यवाद द्यायच्या. तू वॉर्डभर सांगत सुटलीस, माझ्या दादाने केलं. घरीही सिस्टर, बाहेरही सिस्टर, आणि दोन्हीकडची खूश! आईने शेजारच्या काकूंना सांगितलं की आमच्या मुलाने हॉस्पिटल जोरात पळवलं. मोठ्या साहेबांनी वरच्या बैठकीत माझा आलेख दाखवला. आणखी दोन हॉस्पिटलं आपल्या डिरेक्टरीत यायची बोलणी सुरू झाली.

मग तो बुधवार. बॅटरी बदलायला बाहेरून एक मेकॅनिक आला होता. भला माणूस, काम येणारा. त्याने एक जोडणी काढली, दुसरी आधीच सैल होती हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि दोन वाजून आठ मिनिटांनी माझं मशीन पटकन गप्प झालं. नऊ मिनिटांत मी ते उठवलं. सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. फक्त एक गोष्ट झाली. आमचा एक दुय्यम सर्व्हर असतो, तो मुख्य सर्व्हरचं बघून बघून स्वतःकडे तेच लिहीत असतो. त्याने तक्रार केली की माझ्याकडे जे आहे ते मुख्य सर्व्हरकडे नाही, मी त्याच्या पुढे आहे. असं कधी होत नसतं. शिष्य गुरूच्या पुढे कसा जाईल? मी दोन घटका विचार करायला हवा होता. त्याऐवजी मी नेहमीचं केलं: दुय्यमाचं सगळं पुसून त्यावर मुख्याची ताजी प्रत चढवली. तक्रार थांबली. मी चहा प्यायला गेलो.

पुढचं तुला माहीत आहे, आणि तरी ते मला माझ्या बाजूने लिहू दे. तीन आठवड्यांनी तू आमच्या घरी आलीस. खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता खुर्चीच्या कडेवर बसलीस. वहिनीने पाणी दिलं ते हातात तसंच धरून राहिलीस. म्हणालीस, मला घरी बसवलंय. तपासणीत निघालं की त्या बुधवारी शेजारच्या वॉर्डातलं वेदनाशामकांचं कुलूपबंद कपाट तुझ्या कार्डाने उघडलं, आणि तुला ते उघडायची परवानगी डिरेक्टरीत कुठेच नाही. परवानगी नसताना ते फक्त एकाच प्रकारे उघडतं, कार्ड दाखवून वर इन्चार्जचा आणीबाणीचा गुप्त आकडा दाबून; आणि कपाट स्वतःच्या यादीत फक्त कार्ड आणि वेळ टिपतं, आकडा दाबला की नाही ते टिपत नाही. म्हणजे तो आकडा तू चोरून मिळवलास. इंजेक्शन पेशंटला दिलं गेलं, पेशंटच्या कागदावर तशी नोंद आहे, रिकामी कुपी परत केली आहे, सगळं जुळतंय. पण तू ते कपाट उघडलंसच कसं?

तू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतीस. शेजारच्या वॉर्डातली नर्स चक्कर येऊन पडली. पोटाच्या ऑपरेशनचा माणूस कळवळत होता. इन्चार्ज बाईंनी कार्ड ऑफिसला फोन करून तुझ्यासाठी एका दिवसाची परवानगी मागितली, तिथल्या कारकुनाने "टाकली" म्हणून सांगितलं, तू कार्ड दाखवलंस, कपाट उघडलं. आता इन्चार्ज बाई म्हणतात, त्या दिवशी मी पंधरा फोन केले, केलाही असेल, शपथेवर नाही सांगू शकत. कारकून म्हणतो, मी टाकली असती तर दिसली असती, नाही दिसत म्हणजे नाही टाकली. त्याच्यावर रागावू नकोस. तो घाबरलेला माणूस आहे, आणि त्याच्यासमोरचा स्क्रीन त्याला तेच सांगत होता.

तू शाळेत असताना बाईंनी तुला शुद्धलेखनात चुकून एक मार्क जास्त दिला होता, आणि तू दुसऱ्या दिवशी वही घेऊन तो कमी करून आली होतीस. मी तुला महिनाभर चिडवलं होतं. अशा मुलीवर चोरून आकडा मिळवल्याचा आळ, आणि तो ऐकत बसलेला मी. बसून काय केलं मी? त्या दिवशी मी तुला जे सांगितलं त्याकडे येतोच आहे. पण आधी जे करायला सोपं होतं ते सांगतो.

परवा, शुक्रवारी सकाळी, मी चष्मेवालीच्या टेबलापाशी गेलो. दुय्यम सर्व्हरचा बॅकअप रोज किती वाजता होतो असं विचारलं. ती म्हणाली, अडीचला. मी तो पुसला होता पावणेचारला. ती उठली आणि त्या बुधवारची प्रत घेऊन आली. तिच्याकडे सगळं असतं, तारखेनुसार लावलेलं. आम्ही ती एका कोऱ्या मशीनवर उघडली. तुझा कार्ड नंबर मी दोनदा चुकीचा टाइप केला. शेवटी तिनेच टाकला. आणि होती, खारू. तुझ्या नावापुढे, त्या कपाटाची एका दिवसाची परवानगी, दोन वाजून सहा मिनिटांनी टाकलेली, टाकणारा कार्ड ऑफिसचा कारकून. तू कपाट उघडलंस दोन वाजून सात मिनिटांनी. मशीन बसलं दोन वाजून आठ मिनिटांनी. माझ्या सर्व्हरने कारकुनाला "लिहिलं" म्हणून सांगितलं, कपाटाला "उघड" म्हणून सांगितलं, दुय्यमाला तसं कळवलंही, आणि स्वतः डिस्कवर उतरवायच्या आत मेला. उठला तेव्हा दोन वाजून पाच मिनिटांच्या पुढचं त्याला काहीच आठवत नव्हतं. दुय्यमाला आठवत होतं. त्याचं तोंड मी बंद केलं.

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. म्हणाली, "आता?" तिने "मी तुला सांगितलं होतं" असं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं ती म्हणाली नाही.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं, सगळं शांतपणे ऐकलं, पाणी मागवलं. मग म्हणाले, सोमवारी तुझी बहीण माफीनाम्यावर सही करतेय ना, मग विषय तिथेच मिटतो. नोकरी जाणार नाही तिची. आपण बटण आजच पूर्ववत करू, कुणाला काही कळायची गरज नाही, नव्या हॉस्पिटलांची बोलणी ऐन रंगात आहेत. वाईट माणूस नाही तो. मला वाचवायचं म्हणूनच बोलत होता, आणि तेच भयंकर होतं, कारण त्याचं प्रत्येक वाक्य मी आधीच स्वतःशी बोलून झालो होतो. अगदी त्याच क्रमाने.

बटण मी त्याच दुपारी परत लावलं. चार सेकंदांचे पुन्हा आठ झाले. मग डोकं जरा ठिकाणावर आल्यावर जे मी पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं: प्रत्येक लॉगिनची वेळ डिरेक्टरीत लिहायचं थांबवून ती एका वेगळ्या साध्या यादीत सोडली, जिची दोन मिनिटं हरवली तर कुणाचं काही बिघडत नाही. आता पाच सेकंद लागतात, आणि जे लिहिलं म्हणतो ते लिहिलेलं असतं. इतकं सोपं होतं. तीन महिने मी हा विचार केला नाही, कारण बटण हाताशी होतं.

काल सकाळी मी चौकशी समितीच्या अध्यक्ष डॉक्टरबाईंना भेटलो. कसं बटण बंद केलं, रजिस्टरमध्ये काय लिहिलं नाही, दुय्यम कसा पुसला, बॅकअपमध्ये काय सापडलं, चार पानं लिहून दिली आणि पोच घेतली. त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ. तुमच्या हातात सगळी डिरेक्टरी. ही नोंद तुम्हीच आत्ता घातली नाही, हे कोण मानेल?" खारू, मी याचा विचारच केला नव्हता. मी खरं बोललो की सगळे मानतील असं मी धरून चाललो होतो. आयुष्यभर खरं बोलणारी तू, आणि तुलाच कुणी मानलं नाही, हे बघूनसुद्धा. मी म्हणालो, बॅकअप माझ्या ताब्यात नसतो. चष्मेवाली बाहेर बसली होती, मी न बोलावता आली होती. तिने सांगितलं की तो त्याच दिवशी मोहोरबंद होऊन तिच्या कपाटात गेला आणि शुक्रवारपर्यंत तिच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, मोहोर फोडल्याची वेळही तिच्या वहीत आहे. डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. मानलं का, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. निघताना एवढंच म्हणाल्या, सोमवारी साडेदहाला बसतो आहोत, पण एक लक्षात ठेवा. संबंधित व्यक्तीने सुरुवातीलाच माफीनामा सही करून दिला तर प्रकरण तिथेच बंद होतं. मग तुमची ही पानं आम्हाला उघडता येत नाहीत.

आज सकाळी मी हे सगळं तुझ्या वहिनीला सांगितलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "तू तिला सही करायला सांगितलंस तेव्हा तुला माहीत होतं?" मी म्हणालो, माहीत नव्हतं. शंका होती. उरलेले कपडे काढले, घडी घातली, आणि म्हणाली, लिही तिला, मी नेऊन देते.

तर खारू, हे पत्र त्यासाठी आहे. त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसून तू "दोन वाजून सात मिनिटं" म्हणालीस, त्याच क्षणी मला माझं मशीन आठवलं होतं. मशीन कधी बसलं ते मला पाठ होतं. एक मिनिटाचा फरक. मी उठून ऑफिसात जायला हवं होतं. मी उठलो आणि खिडकी लावली. मग तुझ्यासमोर बसून, मोठ्या भावाच्या आवाजात, तुला समजावलं की मोठ्या संस्थेशी भांडून काही होत नाही, लिहून दे, पुढे कुणी बघतसुद्धा नाही. तुला शब्द सुचेनात तेव्हा "माझ्या हातून नियमभंग झाला, याबद्दल मी दिलगीर आहे" हे वाक्य मी सांगितलं, तू लिहिलंस. तू म्हणालीस, पण झाला नाही ना दादा. मी म्हणालो, शब्दच आहेत गं. आईनेही सांगितलं, मोठ्याचं ऐक. तू ऐकलंस. तो कागद आत्ता तुझ्या पिशवीत असेल, पेनासकट. तो फाडून टाक. उद्या साडेदहाला आत जाशील तेव्हा ते पहिल्यांदा सहीचं विचारतील. नाही म्हण, आणि माझी चार पानं वाचायला सांग. तुझ्या भावाची म्हणून नाही, ज्याच्यामुळे हे झालं त्याची म्हणून. ते मानतील की नाही मला ठाऊक नाही. पण तू न केलेल्या गोष्टीखाली तुझी सही नको. मी दहापासून बाहेरच्या बाकावर बसलेला असेन. तू माझ्याकडे न बघता आत गेलीस तरी चालेल. बोलली नाहीस तरी चालेल, कितीही दिवस. फक्त सही करू नकोस.

तुझाच,
दाद्या